तीनशे पंच्याहत्तर अक्षरं

नारायणगावाहून उस्मान बागवान आले,
मांजरी फाट्याला उतरून चालत,
ओल्या वर्तमानपत्रात बारा पानं गुंडाळून.
"थॉमसन आहे, डॉगरिजवर बांधलेली.
हळदीच्या बोटांनी कुणी चाचपावीत
तशी झालीत बघा."
कलमं त्यांनीच बांधलेली. एकतीस वर्षं,
दर ऑगस्टात, एकाच सुरीने.

पानं मी खलात गोठवून फोडली.
पांढरी वाफ मेजावरून खाली सांडली,
चाचा दोन पावलं मागे सरकले.

जेल चालायला रात्र लागते.
सरळ धागे पुढे पळतात,
जे वर्तुळ आहे ते जाळीत अडखळत मागे राहतं.
सकाळी तो तिथेच होता, सगळ्यांच्या मागे,
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा.

आरएनएचं एक कडं. व्हिरॉइडच्या जातीचं.
तीनशे पंच्याहत्तर अक्षरं, चारच मुळाक्षरांतली.
अंगावर कवच नाही,
एकाही प्रथिनाची कृती त्यात लिहिलेली नाही.
वेलीच्याच यंत्रावर बसून तो स्वतःला उतरवून घेतो
न थांबता, सोऱ्यातून चकली पडत राहावी तसा.
फक्त इथे तोडायला बोट लागत नाही.
धागा स्वतःवरच दुमडतो,
हातोडीच्या डोक्याचा आकार धरतो,
आणि ठरलेल्या दोन अक्षरांच्या मधोमध
तुटतो.
मग टोकाला टोक. पुन्हा कडं.

हे मी फोनवर सांगितलं, चकलीसकट.
चाचा गप्प. मागे पंप चालू होता.
"म्हणजे सुरी त्याच्या पोटातच."
हो.
"मग माझी कशाला लागली त्याला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.
एका वेलीतून दुसरीत जायला त्याला पाय नाहीत,
कुठला किडा पाठीवर घेतो का, ठाऊक नाही.
पात्यावरचा थेंबभर रस पुरतो.
उत्तर होतं. मी म्हटलं, आवाज तुटतोय, नेटवर्क नाही.

दुपारी हेमांगीने आणखी बारा पानं लावली,
त्याच बागेतली, हिरवीगार, मुद्दाम मागवलेली.
अकरांत तोच.
त्या म्हाताऱ्या वेलीतही,
जिच्या काड्या तालुकाभर गेल्या,
जी दर साल घड धरते
आणि कुणाकडे तक्रार करत नाही.

म्हणजे पिवळेपण त्याचंच, असंही म्हणता येईना.
अहवालात लिहिलं: आढळला.
पुढे "कारणीभूत" टाइप केलं,
खोडलं,
पुन्हा केलं,
चहा पिऊन आले, खोडलं.

रात्री परत फोन लावला. सगळं सांगितलं, पायांचंही.
"दुपारीच कळलं होतं, बेटा," ते म्हणाले.
"नेटवर्क आमच्याकडे कधीच जात नाही.
टॉवर बागेतच आहे."

आता ऑक्टोबरच्या छाटणीला
कमरेला ब्लीचचा डबा बांधून फिरतात.
एक वेल झाली की कात्री आत, तीसपर्यंत आकडे.
गडी हसतात. सुरी तर केव्हाच गंजली,
ती कपाटात, फडक्यात.
"तीस आकडे लई लांब असतात," म्हणाले.
"तेवढा वेळ समोरच्या वेलीकडे बघत राहायचं.
आजवर मी नुसते डोळे बघून काम केलं,
वेल कधी बघितलीच नव्हती."