पीकपाणी

येळपल्यांनी निवृत्तीच्या दिवशी
पेढ्यांबरोबर एक पुडी दिली,
रद्द झालेल्या मोजणी नकाशाच्या कोपऱ्यात बांधलेली.
आत खसखशीहून बारीक, काळं काहीतरी.
"निवडुंग आहे. फुलतो.
घाई असेल तर मेथी लावा," म्हणाले,
आणि रिक्षा मिळते का बघायला खाली गेले.

दिवसभर मी लोकांच्या जमिनींवर शिक्के मारते.
हेक्टर, आर, चतुःसीमा,
भावाभावांत ओढलेल्या लाल रेघा.
संध्याकाळी सिंहगड रोडवर बसमध्ये उभी राहून
धायरीला पोचते तेव्हा
माझ्या ताब्यात ग्रिलमधली दीड फूट जागा,
सोसायटीच्या मते तेही अतिक्रमण.

वाळू, विटेचा चुरा, थोडं पानांचं खत.
कुकरला तीन शिट्ट्या.
समोरच्या ढमढेरे बाई दारात आल्या,
"वास वेगळाच येतोय, काय शिजतंय?"
माती, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

श्रीखंडाच्या डब्याला तापल्या सुईने भोकं.
बिया पुरायच्या नसतात, नुसत्या ठेवायच्या,
श्वास धरून,
कारण शिंक आली की पीक गेलं.
वर प्लास्टिकची पिशवी, रबर लावून बंद.
गुरुवारी आमच्या अख्ख्या गल्लीला पाणी नव्हतं;
पिशवीच्या आत मात्र
रोज पहाटे कुणाला न सांगता
पाऊस पडून गेलेला असायचा.

अकराव्या दिवशी हिरवे ठिपके.
बावीस बिया, चौदा ठिपके.
भिंगातून मोजले, पुन्हा मोजले, सवयच ती.
काटे नव्हते अजून.
इतका मऊ निवडुंग मी कधी पाहिला नव्हता.
बोट लावायला भ्याले,
बोटासाठी नव्हे.

मग बुरशी, एका रात्रीत पाच.
पिशवी लवकर उघडली म्हणून दोन.
एप्रिलच्या उन्हात एक, आधी लाल, मग तपकिरी.
एक कुठे गेला कळलंच नाही,
तसाही एखादा असतोच प्रत्येक सातबाऱ्यावर.

उरले पाच. दुसऱ्या वर्षी वाटाण्याएवढे,
दाढी न केलेल्या गालासारखे पांढरे.
येळपल्यांना फोन लावला.
हा क्रमांक सध्या सेवेत नाही.
तरी थोडा वेळ कानाला धरून ठेवला.

चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत,
एकाच्या डोक्याशी कळी.
सोमवारी घरी आले तर फूल मिटलेलं.
मंगळवारी आले, मिटलेलं.
ते बाराला उघडतं, चारला मिटतं.
माझे बारा ते चार सरकारचे.

बुधवारी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला.
'कारण' या रकान्यापाशी अडले,
मग लिहिलं : डोळ्यांची तपासणी.
अगदीच खोटं नव्हतं.

दुपारची बस इतकी रिकामी असते, माहीत नव्हतं.
पावणेएकला ग्रिलपाशी पोचले.
शर्टाच्या बटणाएवढं.
सरबतात पाणी जास्त झालं की होतो तसा पिवळा.
बस, इतकंच.
फरशीवर बसून डबा तिथेच उघडला,
गवारीची भाजी, दोन पोळ्या.
एक मुंगी आत जाऊन, बघून, परत आली.
चारला दहा मिनिटं असताना
ते मिटायला लागलं,
आमच्या कचेरीसारखं, वेळेआधी.

मे महिन्यात त्याला फळं आली,
बाहुलीच्या स्वयंपाकाला पुरतील एवढ्या लाल मिरच्या.
चारांच्या बिया चहाच्या गाळणीत धुतल्या, वाळवल्या,
पुडी बांधून शिक्क्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.
अजून कुणी निवृत्त झालेलं नाही.

पाचवं मी खाल्लं. आंबट, जरासं.
एक बी दाढेत अडकली,
आणि दुसऱ्या दिवशी
मुळशीकडची कुणाची तरी चतुःसीमा तपासताना
जीभ सारखी तिथेच जात होती.