कधी बंद पडत नाही

नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
याचे तीनच भरले.
चौथ्या दिवशी चहा घेऊन परतले
तर पडदा निळा,
त्यावर दोन टिंबं आणि एक उलटा कंस,
पडलेला चेहरा,
जणू चूक माझीच आहे
आणि तो बोलून दाखवत नाहीये.

जुनी डिस्क खरखरायची,
सुपात तांदूळ घोळवावेत तशी.
तिच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढी नवी बसवली.
स्क्रू एकच, तोही तिळाएवढा,
गालिच्यात दोनदा हरवला.
दोन टेराबाइट. आवाज शून्य.
सगळं कसं हाक मारायच्या आधी उघडत होतं!

मग वही घातली.
मंगळवार, चार बारा.
बुधवारी काही नाही.
गुरुवारी दोनदा, एकदा मी दारात पार्सलवर सही करत होते.
शनिवारी रात्री कधीतरी,
मी झोपेत, साक्षीदार नाही.

रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरानं पुसल्या,
हिची जागा तिला दिली.
रात्रभर मेमरीची परीक्षा घेतली,
सकाळी निकाल: चुका शून्य.
पॉवर सप्लाय नवा, सत्तर पौंड.
विंडोज पुसून पुन्हा घातलं.
आग सोमेश्वरी आणि माझे बंब
एकामागून एक रामेश्वरी.

तरी पत्रं थांबत नाहीत.
हेडफोनमधून डॉक्टर सांगत होते:
बेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ
अधूनमधून अचानक कोसळतात,
तपासण्या सगळ्या नॉर्मल, पूर्णविराम.
मी पूर्णविराम दिला
आणि टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं.

रविवारी डंडीवर समुद्राचं धुकं चढलेलं,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपत होता.
खाली गिल्क्रिस्टकडे गेले,
आणखी बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का विचारायला.
तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
कॉम्प्युटर घरात नाही, नकोही आहे.
भिंग कपाळावर सरकवून त्यानं सगळं ऐकलं,
वहीसकट.
म्हणाला, कधी बंद पडतं ते कळलं.
कधी पडत नाही?

हसले मी. स्क्रूड्रायव्हर घेतला.
आणि जिन्याच्या वळणावर थांबले.

टाइप करताना एकदाही नाही.
साठ पत्रांच्या त्या लांबलचक सोमवारी नाही.
चहा. पार्सल. इचलकरंजीहून दादाचा फोन.
प्रत्येक वेळी
मी उठले होते.

कोणी काम सांगेना झालं की ती पट्टी झोपते.
आधी डुलकी, मग पायरी पायरीनं खाली,
वीज वाचावी म्हणून;
कुणा काटकसरी माणसानं घालून दिलेला नियम.
शेवटच्या पायरीवरून तिला
हाक ऐकू येत नाही.
मशीन हाक मारतं, थोडं थांबतं, पुन्हा मारतं,
आणि मग त्याचा धीर सुटतो.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात
रविवारी दुपारी मी अशीच झोपायचे.
उठले की खिडकीत काळोख,
सकाळ की संध्याकाळ कळत नसे,
गाव कुठलं तेही नाही.
कोणी हाक मारणारं नव्हतं,
म्हणून काही कोसळलं नाही, इतकंच.

सेटिंगमध्ये एकच ओळ बदलली:
दुसऱ्या पायरीच्या खाली उतरू नये.
रीस्टार्ट.
तरी दोन संध्याकाळी मी मुद्दाम उठून गेले,
स्वयंपाकघरात दाराआड उभी राहिले
पाळण्यातल्या मुलाला फसवावं तशी.
परतले तर कर्सर लुकलुकत होता,
वाक्य सोडलं होतं तिथंच.

आज सतरावा दिवस.
वहीची मागची पानं कोरी,
एकावर मी कोथिंबीर, डाळ, बल्ब लिहिलंय.
सांगायला खाली गेले.
पायऱ्या, झोप, हाक, सगळं सांगितलं
हातवारे करून.
गिल्क्रिस्टनं मान हलवली,
हातातल्या घड्याळाला चावी दिली,
कानाशी धरलं.
मग म्हणाला, बरं.
आणि माझा स्क्रूड्रायव्हर?