येणे बाकी

बंबखान्यातला बंब आज बाहेर काढून ठेवलाय.
आत घडीच्या खुर्च्या, मक्याचा पाव, घेवड्याची पातेली
आणि मधोमध एकच माइक.

एकच. ॲन्सल टॅकेटचा हट्ट होता तो.
"ज्याला बोलायचंय त्यानं पुढं यावं,
बोलून झालं की मागं सरावं.
घरी शिकवलं नाही का कुणी?"

मला नव्हतं शिकवलं.
एकोणीस वर्षांची मी, खाणीतल्या मुकादमाची पोर,
बॅन्जो घेऊन थेट माइकवर चालून जायचे,
कुंपण मोडून गाय मक्यात शिरते तशी.
त्याच्या हॅटची कड लागायची कपाळाला.
चार गावं वाजवून होईतो
वळ उठला होता.
मग शिकले.
खांदा पाडून आत जायचं,
फिडलवाल्याच्या कोपराखालून निसटायचं,
आणि आपलं संपता संपता
जागा सोडायची पुढच्याला,
ऊन ओसरीवरून सरकतं तशी, न सांगता.

पाटीवर लिहिलंय: ब्लूग्रासचा जनक, आपल्या खोऱ्यातला.
असेल.
मला वाटतं, हे सगळं आधीपासून होतंच इथं:
थोडं प्रार्थनाघराच्या बाकांखाली,
थोडं बोटीतून आलेल्या फिडलच्या पेटीत,
थोडं रूळ ठोकणाऱ्या काळ्या मजुरांच्या हाळीत;
आणि हा बॅन्जो तर त्यांच्याच आज्यापणज्यांचा.
ॲन्सलनं त्याला घाई लावली फक्त.
आणि त्या घाईत एक दुःख चढवून दिलं,
धावत्या मालगाडीत कुणी बिनतिकीट चढावं
तसं.

मॅन्डोलिन तो वाजवत नसे, फोडत असे.
सरपण फोडावं तशी:
दुसऱ्या मात्रेवर घाव, चौथ्या मात्रेवर घाव.
ढोल नव्हता आमच्यात कधी. ढोल तोच.
आवाज मात्र खाणीच्या धुराड्यापेक्षा वर जायचा
आणि वर गेल्यावर एकटा पडायचा.
त्याला त्याचं काही वाटत नसे.
वाटायचं ते आम्हाला, खाली.

माणूस म्हणाल तर चिक्कू.
सिगारच्या डब्यातून पैसे वाटायचा,
ओल्या बोटानं दोनदा मोजून.
अडुसष्टच्या ऑक्टोबरात, पायनी फोर्कच्या जत्रेत
वादळानं तंबू नेला, तिकिटं परत करावी लागली,
माझे अकरा डॉलर राहिले.
"बघू," म्हणाला.
त्यानंतर एकतीस वर्षं जगला. बघतच होता.

आज शंभर झाला असता.
पोरं चांगली वाजवतात, देवाशपथ,
पण शर्यत लावल्यासारखी.
माझी पाळी आली तेव्हा त्याचीच धून घेतली, बी पट्टीत,
त्याच्या वेगानं. त्याहून तसूभर जास्त नाही.
दुसऱ्या फेऱ्यात मॅन्डोलिनची जागा आली,
तसा कॉय पुढं सरसावला.
मी मान हलवली. नको.
राहू दे.

सोळा मात्रा. गिटार आणि बास, बाकी काही नाही.
कागदी ताटल्या थांबल्या.
कुणाचं तरी लेकरू "आई, चुकलं का?" म्हणालं.
आणि पहिल्या रांगेत व्हर्लिन साइझमोर,
कोळशानं खाल्लेली छाती,
पायाशी ऑक्सिजनचं यंत्र:
फस्स.
फस्स.
दुसऱ्या मात्रेवर. चौथ्या मात्रेवर.

त्याला माहीत नव्हतं. झोपेत होता बहुतेक.
माझ्या हातातला पिक मात्र निसटता निसटता राहिला.
मग खांदा पाडला आणि आत गेले.

निघताना मागच्या दाराशी ॲन्सलचा मुलगा उभा,
त्याचंही आता सत्तरीचं वय,
हातात पाकीट उघडलेलं.
"बाबांचं काही देणं राहिलंय तुमचं, आई सांगायची."
एक दहाची नोट, एक एकची. मोजली त्यानं,
बोट ओलं करून.

म्हटलं, ठेव तुझ्यापाशी.
बघू.