कर्त्याची जागा

अवलोकन-पत्रक क्रमांक सात. नववी ब, छावणीतली शाळा, इंदूर.
मी शेवटच्या बाकावर, भिंतीकडे.
त्रेचाळीस मुलं, तीन पंखे, त्यातला एक फिरतो.
'कक्षा-नियंत्रण' हा रकाना अजून कोरा आहे,
कारण सोजतिया मॅडम कुणाला काही सांगतच नाहीत.
दारापाशी नुसत्या उभ्या राहतात,
आणि गोंगाट चपला काढून आत येऊन बसतो.

डावीकडच्या खिडकीत काच नाही. परवापर्यंत होती.
आता कॅलेंडरचा पुठ्ठा, महिना उलटा.
कुणी फोडली, हे प्राचार्यांनी दोनदा विचारून झालंय,
दोनदा वर्ग मुका झालाय.

मॅडम खडू उचलतात:
द विंडो वॉज ब्रोकन.
"इसमें करनेवाला कहाँ है?"
"भाग गया, मैडम."
वर्ग हसतो, त्याही हसतात.
मी लिहिते: विनोदाचा वापर, योग्य.

बी.एड.ला शिकवलंय, प्रश्न आधी, नाव नंतर.
त्या नाव घेतच नाहीत.
'बाय' लिहून पुढे लांब रेघ ओढतात.
"पर्ची पर पूरा करो. अपना नाम मत लिखना."

आमच्या घरी आई म्हणते, माझ्याकडून कप फुटला.
कप फुटतो; आई फक्त जवळ असते.
हा प्रयोग कुठला, ते पेपरात कधी आलं नाही.

तासानंतर चिठ्ठ्या मोजू लागले.
बाय द विंड, सतरा.
बाय लोकेंद्र, नऊ; त्यातल्या चारांचं अक्षर एकच.
एक बाय गॉड.
एकीवर जिरावणाचं बोट उमटलेलं, आणि: बाय अस.
एक कोरी,
पण चारदा घडी घातलेली, घामाने मऊ झालेली.

मॅडमनी लाल पेनाने स्पेलिंगं तेवढी सुधारली.
लोकेंद्रचा एल मोठा केला, विशेषनाम म्हणून.
कोरी चिठ्ठी पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवली,
बसच्या पासाशेजारी.
हिला गुण किती? मी विचारलं.
"इसने सबसे देर तक सोचा,"
म्हणाल्या, आणि दहावी अ कडे निघाल्या.

माझ्या पत्रकाच्या तळाशी छापलंय:
पाठ का अवलोकन किया गया.
पुढे सहीची रेघ.
पेनाचं टोपण लावत-काढत
मी बराच वेळ बसले.
पुठ्ठ्याच्या कडेने वारा येत होता.