चुणी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
थिएटरमधून डबी आली, बर्फात.
डाव्या मूत्रपिंडाचा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.
देणारा : पुरुष, सत्तेचाळीस, शिरोली फाटा, मोटरसायकल.
नाव आम्हाला कळवत नाहीत.

उणे बावीसला गोठवला,
पाच मायक्रॉनचा काप ब्रशनं हलकेच ओढून
काचेवर घेतला, रंगवला.
स्कॅनरनं काच गिळली
आणि पडदाभर पसरला गुलाबी-जांभळा मुलूख,
पुरात वरून टिपलेल्या पंचगंगेसारखा,
कुठं शेत, कुठं पाणी, चटकन कळेना.

यंत्राला कळतं.
हिरव्या गोलात जिते गुच्छ, लाल गोलात वठलेले.
बावन्नात अकरा लाल.
एकवीस टक्के.
विसाच्या वर गेलं की
फोनवरचे आवाज बदलतात.

वर चौथ्या मजल्यावर गारगोटीच्या मालन चौगुले,
कालपासून उपाशी,
डायलिसिसची तीन वर्षं डाव्या हातावर गाठी होऊन.

इंगवले मॅडम राजारामपुरीत, घरी, लॅपटॉपसमोर.
"सातपुते, एकवीस येतंय. तुला काय दिसतं?"
मला सहसा कुणी विचारत नाही.

मी चित्र मोठं केलं.
खालच्या कोपऱ्यात दोन लाल गोल
एकाच सरळ रेषेवर.
मरण सरळ रेषेत येत नाही असं नाही,
पण ही रेष माझ्या ओळखीची होती.

बाबा जवाहरनगरात रापी चालवायचे.
कातडं उजेडाला धरून अंगठा फिरवायचे, म्हणायचे,
डाग जनावराचा असतोय पोरी,
चुणी आपली.

"मॅडम, ते दोन माझे आहेत."
"म्हणजे?"
"काप दुमडलाय. माझ्या हातनं."

पलीकडे पंख्याचा आवाज.
मग, "दुसरा काप."

या वेळी श्वास धरून.
यंत्र रुसलं नाही, त्यानं नव्यानं मोजलं : बावन्नात नऊ.
मॅडमनीही मोजले, एकेक, तोंडानं,
लहान पोर पायऱ्या मोजतं तसे,
आणि नऊवर थांबून पुन्हा पहिल्यापासून.
"सतरा. कळव त्यांना."

मग पडद्यावर चौकट आली :
आधीची मोजणी चुकल्याचं कारण निवडा.
रंग फिका. बुडबुडा. फोकस. इतर.
'इतर'वर टिचकी मारली
आणि पुढच्या रिकाम्या जागेत
बोटं अजून गार होती म्हणून
एकेक अक्षर शोधत लिहिलं :
चुणी.

लिफ्ट वर गेल्याचं ऐकू आलं.
मी ब्रश धुवायला घेतला.