खडूचा आकडा

उद्यमबागेत आमच्या लेथच्या झाकणावर
रात्रपाळीचा इराण्णा खडूनं आकडा टाकून जायचा,
कानडीत.
त्याचा एक म्हणजे तोंड न मिटलेलं शून्य.
पहिल्या दिवशी वाटलं, गडी रात्रभर झोपला,
दोनच बुश काढले.
मी ऐटीत खाली लिहिलं, ९७.

फोरमन रेडेकर पोट धरून हसला.
"एकशे बारा हाय ते, शाण्या."

त्या दुपारी डबा उघडला नाही.
एकशे तेरा.
सकाळी बघतो तर एकशे सोळा,
खाली दोन रेघा ओढलेल्या.

बोलणं असं कधी झालंच नाही.
सहाला गेटवर त्याची सायकल बाहेर, माझी आत,
मान हलवायची, बस.
एवढी चुरस,
पण टूलला धार लावूनच जायचा.
एकशे एकतीसवर
दोघेही अडकलो अख्खा पावसाळा.

दसऱ्यानंतर झाकण कोरं.
हरिहरला गेला म्हणे, जादा पगारावर.
नवा पोरगा काहीच लिहीत नाही.
मी लिहीत राहिलो: एकशे वीस,
एकशे नऊ,
मग खडूच सापडेना.

हल्ली पाळी सुटताना
माझाच आकडा कानडीत टाकतो.
सकाळी तो परक्याचा वाटतो,
डोकं तापतं,
बाह्या आपोआप वर जातात.

फक्त माझ्या एकाचं तोंड
अजून मिटतं अधूनमधून.
बोटानं पुसतो,
पुन्हा उघडं काढतो.