चौदा टक्के ओल

एकतीस वर्षं मी वाफेच्या काट्यांपुढे बसले.
उलानबातरच्या औष्णिक केंद्रात, बहुतेक रात्रपाळीला,
सगळं शहर झोपलेलं आणि समोर बावीस तबकड्या.
काटा लाल रेघेकडे सरकला की उठायचं,
झडप दोन आटे सोडायची, पुन्हा बसायचं.
आता एकच तबकडी उरली आहे, बिस्किटाएवढी,
खिडकीत ऑर्किडशेजारी ठेवलेली.
ती म्हणते : चौदा.

चौदा टक्के ओल.
बाहेर उणे एकतीस, आत रेडिएटर धगधगतो.
त्याचा कान पिळायची सोय नाही,
शहर ठरवेल तेवढं तापायचं.
ओठ फुटतात, लाकडी पेटी रात्री कडकन बोलते,
मांजराला हात लावला तर ठिणगी.
आणि असल्या घरात सोलोंगोनं
सोलहून विमानात मांडीवर धरून आणलं हे रोप.
"आई, याला साठ टक्के लागते."
साठ!
अख्ख्या शहराला वाफ पुरवली मी,
एका कुंडीला पुरवता येणार नाही?

तूल नदीवरून गोटे आणले, ताटात पसरले,
पाणी ओतलं गोट्यांच्या गळ्यापर्यंत,
वर कुंडी, बूड कोरडं राहील अशी.
रेडिएटरवर ओले टॉवेल. किटली उगाच उकळत.
एकोणीस.
त्सेर्माकडून दोन जिरेनियम उसनी आणली सोबतीला,
झाडं एकमेकांच्या श्वासावर जगतात म्हणे.
चोवीस.
मग माझा धीर सुटला.
नव्या गादीचं प्लास्टिक होतं, त्यात अख्खं रोप झाकलं
आणि गाठ मारली.
काटा अठ्ठ्याऐंशीवर. मी निवांत झोपले.
नवव्या दिवशी डावीकडचं पान
बोट लावताच हातात आलं,
देठाशी तपकिरी, उकडलेल्या कांद्यासारखं मऊ.

कोंडलेली वाफ काय करते
हे मीच शिकवायची नवशिक्या पोरांना.

जखमेत दालचिनीची पूड भरली.
जुना टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून
अगदी हळू सोडला.
ओल हवी, पण चालती-फिरती.

वसंतात पुतण्या आला, ओत्गोन, गोबीकडून,
अंगाला मेंढ्यांचा वास, हातात मिठाचा चहा.
कुंडीबाहेर लोंबणारी रुपेरी मुळं बघून हसला :
"काकू, हिनं घराबाहेर पाय काढलाय.
तळ हलवायची वेळ झाली."
म्हटलं, हिला माती नसतेच रे.
कुठल्यातरी सालीला धरून राहते, मुळं वाऱ्यावर सोडून.
तो बराच वेळ बघत राहिला.
चहा निवला.
"मग आपल्यातलीच," म्हणाला.

सप्टेंबरात मोठा पाइप फुटला.
पंधरा तारखेची ऊब आलीच नाही.
इमारतीत शिव्या, कोट घालून जेवणं,
जिन्यात लोक मला अडवून विचारत,
जणू झडपेची चावी अजून माझ्याच खिशात.
रात्री रोपाभोवती शाल गुंडाळायला गेले
आणि सवयीनं आधी तबकडी बघितली.
सोळा अंश. ओल बेचाळीस.
मी काहीच केलं नव्हतं.
शाल स्वतःभोवती घेतली.

अठरा रात्री अशाच.
एकोणिसाव्या पहाटे भिंतीत पाइप खडखडले,
पाणी आलं, आधी खोकत, मग सरळ.
मी वेळ लिहून ठेवली : चार वाजून वीस.
दिवा लावला.
दुसऱ्या पानाच्या बगलेत काहीतरी हिरवं,
मुळासारखं गोल नव्हे,
टोकाला बारीकसा अंगठा फुटलेलं,
तान्ह्याच्या हातमोज्यासारखं.

सोलोंगोला फोन करणार होते.
तिकडे पाच वीस, नुकती कारखान्यातून येऊन पडली असेल.
रेडिएटर कोमट झाला होता.
टॉवेल भिजवायला घेतले.